हात न लागलेलं घोंगडं

आमी जतकडचे धनगर, पण आमच्या घरात मेंढरं न्हवती, माग हुता, बा घोंगडी इणायचा आन् मी त्या मागाच्या खड्ड्याकाठी बसून अभ्यास केला, अख्ख्या भावकीत पहिला बी.ए. झालो, ते बी इतिहास घिऊन. हे मी सांगणारच, कुणाला गर्व वाटला तर वाटू दे. नोकरी लागली न्हाई, मग बाचाच माग धरला. बायको हौसा. तिच्या बापाची मेंढरं, दिवाळी झाली की कळप घिऊन कृष्णाकाठानं पार कराडापातूर जायची ती माणसं, तिचं ल्हानपण समदं त्या वाटंवर गेलेलं. सूत काढता काढता मुक्काम सांगायची, हितलं पाणी गोड, हितं लांडग्यानं कोकरू नेलं, हितं पालातच माझा भाऊ जल्मला. माझ्या बी.ए.च्या पुस्तकात लढाया लय हुत्या, हौसाची वाट न्हवती.

मग मिरजेची एक पोरगी आली, मोमीनांची रुक्साना, कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकलेली, तिचा आजा बी विणकर. हौसाचे मुक्काम ऐकले आन् म्हणली, मामा, घोंगड्यात तांब्याची तार इणूया, एकेका मुक्कामाचा एकेक पट्टा, त्याला हात लावला की मामींचा आवाज यील आन् भिंतीवर तो मुक्काम उजळंल. मी म्हणलं, तार खळीत टिकंल का गं, कारण चिंचोक्याची खळ लावल्याबिगर आमचं सूत ताठ ऱ्हात न्हाई. टिकली. हौसा माइकपुढं बसली, आधी लाजली, मग थांबंचना. रुक्साना म्हणली, मामी, पट्टे संपले. तर हौसा म्हणती, मग लांब इणा की गं.

घोंगडं मागावरनं उतरायच्या आधी हौसा गेली. कावीळ झाली हुती.

सांगलीत एका हॉलात प्रदर्शन मांडलं. शहरातली माणसं हात लावायची, आवाज यायचा, हसायची, फुडं जायची. मला त्येंचं काय न्हवतं. मला आमच्या गावानं ऐकायला पायजे हुतं, कारण जिती हुती तवा तिचं कुणी ऐकलं न्हाई, बडबडी म्हणायचे. टेम्पो भरून माणसं आली. पण आमच्यात कसं हाय, नवंकोरं घोंगडं उंचावर हातरलेलं, वर उजेड, म्हंजे ती देवाची बैठक. दारातच चपला सुटल्या. माझा चुलतभाऊ तुका, त्यानं खिशातनं भंडारा काढला आन् घोंगड्यावर उधळला. झालं. समद्यांनी लांबनंच हात जोडले. मी म्हणतोय, हात लावा रं, हौसा बोलतीया त्यात, तर तुका म्हणला, गड्या, बिरोबाच्या बैठकीला हात लावून पाप कुठं घिऊ, वहिनीचं सोनं झालं बघ. चांगल्या मनानंच म्हणला हो, डोळ्यात पाणी हुतं त्याच्या. भंडारा पडल्यावर माझा बी हात फुडं झाला न्हाई. रुक्साना कोपऱ्यात उभी, तिला कळंना माणसं हात का लावंनात ते. हॉल भरलेला, आन् हौसा गप.

आता ते घोंगडं बिरोबाच्या देवळात हाय, गावानं वाजत नेलं. पुजारी रोज भंडारा टाकतो, हात कुणी लावत न्हाई. मान हाय, लय मान हाय. रुक्सानानं आवाज मोबाइलवर पाठवलाय, पण काय सांगू तुमास्नी, हाताखाली लोकर खरबरीत लागली न्हाई की हौसा जणू दुसऱ्याच्या घरातनं बोलती. ऐकतो आन् फोन पालथा घालतो. मग घरात मागाची खटखट तेवढी, ती थांबवली की काय न्हाई.

परत मागावर नव्या घोंगड्याचा ताणा लावलाय. सूत मीच काढतो, आमच्यात ते बायकांचं काम, गाठी पडत्यात, ती असती तर लय हसली असती. रुक्साना तार घिऊन येणार हाय. ह्या बारीला उंचावर न्हाई, माझ्याच सोप्यात भुईवर हातरीन आन् वर चहाचे कप मांडीन, म्हंजे कुणाला देव आठवायचा न्हाई. माणसं येतील का, ठावं न्हाई. तुमी तरी या, तुमचं भलं हुईल. चपला काढा, बसा, आन् हात टेका.