मनीचं बारसं

तांबरमच्या दवाखान्यात, बालरोगतज्ज्ञांना भेटून बाहेर आलेल्या मायलेकी माझ्या शेजारी टेकल्या. तान्ही नात आजीच्या मांडीवर होती.

“आई, मांजरामुळे हिला ॲलर्जी झाली तर?”

“अगं, लहानपणापासून सवय असली तर उलट कमीही होते, म्हणाले ना डॉक्टर?”

“तरी भीती वाटते गं.”

“क्षमा, तुझ्या बारशाला आमची मनी तुझ्याआधीच पाळण्यात जाऊन झोपली होती. आत्यानं तुझं नाव तिच्याही कानात सांगितलं.”

“काहीतरीच!”

“खरंच. क्षमा म्हटलं की तुम्ही दोघी धावत यायच्या.”

“मग?”

“मग तू शिकायला इकडे चेन्नईला आलीस. संध्याकाळी सवयीनं माझ्या तोंडून हाक जायची.”

“आणि?”

“म्हातारी मनी यायची.”