थर्मासातली पसंती

…आणि वर सासूबाई मलाच विचारतात, "काऊन वो दीक्षा, आमचा हर्षदीप तुले पसंत नव्हता काय?" आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यायचं? पसंत होता म्हणून तर किनवटहून आदिलाबादला आले ना मी! रुखवतातल्या डब्यांची झाकणंसुद्धा अजून उघडून झालेली नाहीत, आणि हॉलमध्ये माझी चौकशी बसली! पण मी काही बोलले नाही. नवी सून काय बोलणार?

तुम्हाला सांगते, आमच्या घरात संशय थेट येत नाही, आधी चहा येतो. त्या दिवशी सासूबाईंनी मला स्वतःच्या हाताने चहा दिला, तोही बशीसकट. मी तिथेच ओळखलं की काहीतरी झालंय. कारण आईंचा चहा म्हणजे लाल थर्मासातला. सकाळी पहिला पाहुणा आला की त्याच्यापुरतं आधण चढतं, उरलेलं थर्मासात, आणि दुसरा पाहुणा आला की आई झाकण फिरवून आत बघतात… आहे? मग नवा काऊन मांडाचा? पहिला जर शुगरवाला निघाला तर त्या दिवशी दारात येईल त्याला बिनसाखरेचा! आणि सगळे निमूट पितात हो! मला मात्र त्या दिवशी ताजा, आलं घालून. संशय नाही येणार?

तर झालं असं. आमच्या समाजाची वधू-वर सूचक समिती आहे, आणि मामाजी तिचे सचिव. मामाजी म्हणजे माझे सासरे, नागोराव. महसूल खात्यातून ते रिटायर झाले, खातं त्यांच्यातून झालं नाही. समितीची साइट बनवली पंकजभाऊजींनी, म्हणजे यांच्या चुलतभावाने, निर्मल गावात कॉम्प्युटर क्लास आहे त्यांचा. आणि माझं लग्न झाल्याबरोबर ती साइट आली माझ्या गळ्यात. का? तर "सून कॉम्प्युटरवाली हाय, पोळ्या झाल्यावर पाहील थोडंसं."

मी पाहिलं थोडंसं. प्रत्येक फोटोखाली 'पसंत' असं एक बटन आहे, ते नीट चालत नाही अशी तक्रार होती. आता बटन चालतं की नाही हे कळायला ते दाबावं लागतं की नाही? न दाबता कळायची सोय अजून तरी निघालेली नाही! नवं खातं काढलं तर त्याला मामाजींची मंजुरी लागते, आणि मामाजी कागद मुरवल्याशिवाय मंजुरी देत नाहीत. म्हणून माझं लग्नाआधीचं जुनं खातं उघडलं, तीन मुलांच्या फोटोखाली बटन दाबलं, चाललं, उठले, भाजी फोडणीला टाकली. कोण मुलगे होते, पाहिलंसुद्धा नाही. …बरं, एक पाहिला. निर्मलचा दातांचा डॉक्टर होता, सगळे दात काढून हसत होता, लक्षात राहतंच ना!

आता मंचेरियलच्या रेणुकामावशी. आईंच्या धाकट्या बहीण, आपल्या लखनसाठी मुलगी बघून राहिलेल्या. त्यांनी आपल्या मोबाइलवर साइट उघडली, आणि समोर काय? 'नमस्कार दीक्षा! तुम्हाला पसंत पडलेले वर.' खाली तिघं, पहिला दातवाला! मावशींनी काय करावं? मला फोन करावा? छे! फोटो काढून थेट परिवाराच्या ग्रुपवर. "अय्यो, इदेंटि! हे काय वो माय! ही आपलीच दीक्षा ना वो?" आणि पुढे हात जोडलेले. ते हात कशाला जोडले होते ते मला अजून कळलेलं नाही.

मग चौकशी. मामाजी आरामखुर्चीत, चष्मा नाकावर. "बयान दे. कोन्या तारखेले, कोनाच्या सांगन्यावरून?"

"मामाजी, टेस्टिंग करत होते…"

"टेस्टिंग! आमी तुले पाहाले आलो तवा चहा-पोहे होते, टेस्टिंग नव्हतं!"

आणि हे? माझे यजमान? एवढंच म्हणाले, "दातांचा डॉक्टर?" आणि आत गेले. मी मागून गेले तर आरशासमोर उभे, ओठ वर करून स्वतःचे दात बघत होते. बिचारे! मला हसूही येईना, रडूही येईना. रात्रीपासून बोलणं बंद. पोळी हवी असली तरी ताटाकडे बघून म्हणायचे, "पोळी."

त्यात मामाजींचा हुकूम सुटला, "किनवटले फोन लावा. रविवारी येऊ द्या तिच्या माय-बापाले. खुलासा झाला पाह्यजे." माझे बाबा शाळामास्तर हो! पहिल्यांदा लेकीच्या घरी यायचे ते स्वीटमार्टचा डबा घेऊन की माझ्या पसंतीचा खुलासा घेऊन? पण मी काही बोलले नाही. नवी सून काय बोलणार?

संशय मात्र मलाही घेता येतो! माझी यादी मावशींच्या मोबाइलवर गेलीच कशी? मावशींना माझा पासवर्ड कळला? आईंनी दिला? का यांनीच माझं खातं उघडून… नाही, हे नाही, यांना स्वतःचा पासवर्ड आठवत नाही. मग पंकजभाऊजी? गोड बोलतात, मला आधीपासून शंका होती.

आणि निघालं त्यांच्याकडेच! बघा, साधी गोष्ट आहे. कोणी साइटचं पान उघडलं की मागे एक स्क्रिप्ट चालते. ती डेटाबेसचं दार ठोठावते, माहिती घेते, पान सजवते आणि दार लावून निघून जाते. पुढचा आला की पुन्हा ठोठावणं. यात वेळ जातो. म्हणून पंकजभाऊजींनी एक ओळ घातली, की दार लावायचंच नाही! कनेक्शन तसंच उघडं ठेवायचं, पुढच्याने तेच वापरायचं. पर्सिस्टंट कनेक्शन म्हणतात. तसं वाईट नाही ते, पण जाताना आतला पसारा आवरायला नको? स्क्रिप्ट आत तुमच्या पसंतीची एक तात्पुरती यादी मांडते, नावासकट. कनेक्शन तुटलं की ती आपोआप पुसली जाते. पण तुटलंच नाही तर? आणि भाऊजींनी स्क्रिप्टमध्ये लिहिलं काय, तर 'यादी नसेल तर मांड.' आणि असेल तर? असेल तर आहे तीच पुढच्याला वाढ!

लावला फोन. "पंकजभाऊजी, कनेक्शन उघडं काऊन ठेवलं?"

"स्पीड वहिनी, स्पीड! साइट कशी पळून राह्यली पाहा न!"

पळते, पण दुसऱ्याचे कपडे घालून पळते, असं मी म्हणणार होते. म्हटलं, "बरं."

आता हे घरात समजावायचं कसं? डेटाबेस म्हटलं की मामाजी म्हणतात, "बेस सोड, मुद्द्यावर ये." शेवटी शनिवारी, बाबा यायच्या आदल्या दिवशी, मी धीर केला आणि थर्मास उचलून मधोमध टीपॉयवर ठेवला.

"आई, सकाळी बिनसाखरेचा चहा कोणासाठी केला होता?"

"डोमाजीभाऊसाठी. त्याले शुगर हाये न."

"आणि मग कोण कोण प्यायलं?"

"पोस्टमन प्याला. गॅसवाला प्याला."

"मग गॅसवाल्याला शुगर आहे का?"

आई थर्मासाकडे बघतायत, मामाजी आईंकडे. मग आई म्हणाल्या, "म्हंजे माया थर्मासाले नावं ठेवून राह्यली काय तू?"

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, नाही आई, साइटला ठेवते. आणि त्यांचाच मोबाइल घेऊन त्यांच्या खात्यातून साइट उघडली; सचिवांच्या घरात प्रत्येकाचं खातं आहे. आमच्या दैवाने साथ दिली, समोर आलं, 'नमस्कार लखन! तुम्हाला पसंत पडलेल्या वधू.' चार मुली!

आई उडाल्याच. "बाप्पा! मी लखन हाय काय? मले पोरी काऊन दाखवून राह्यलं हे? मशीनच खोटं बोलते वो!"

मामाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, चार मुली नीट बघितल्या, आणि फैसला दिला. "साइटवर ज्याचं नाव दिसते त्याची पसंती ती नसतेच. दीक्षा बेकसूर. किनवटले कळवा, यायची गरज नाही."

आता तुम्हाला म्हणून सांगते, फैसला चुकीचा होता! पसंती माझ्याच खात्यातली होती, बटन मीच दाबलं होतं, फक्त ती दिसायला नको तिथे दिसली. खरं होतं ते टेस्टिंग मी आधीच सांगितलं, ते कोणाला पटलं नाही, आणि हे चुकीचं मात्र एका थर्मासात पटलं! हे हसले, चार दिवसांनी पहिल्यांदा, आणि पर्सिस्टंट कनेक्शन म्हणजे काय तेही माझ्याकडून समजून घेतलं. म्हणाले, "मले तर आधीच वाटलं होतं." मी काही बोलले नाही. सुटलेली सून काय बोलणार?

त्याच दुपारी मी भाऊजींची ती ओळ काढून टाकली. आता प्रत्येकाला नवं कनेक्शन, ज्याची यादी त्यालाच. सांगितलं मात्र कोणाला नाही, विचारलंच कोणी नाही.

आणि परवा यांचा मोबाइल चार्जिंगला लावायला गेले, तर साइट उघडीच. 'नमस्कार हर्षदीप! तुम्हाला पसंत पडलेल्या वधू.' एकच होती. इंद्रवेल्लीची शिक्षिका, वेणीत अबोली माळलेली. पसंत केल्याची तारीख? आदल्या दिवशीची!

मी मोबाइल यांच्यासमोर धरला. यांनी बघितलं, कान लाल झाले, आणि तोंडाने शांतपणे, "अगं, ते पर्सिस्टंट कनेक्शन! दुसऱ्या कोनाची असन. तूच त सांगितलं न!"

आतून आई, "मशीन खोटं बोलते वो, तू नको मनाले लावून घेऊ."

आरामखुर्चीतून मामाजी, "त्या मुद्द्यावर फैसला झालेला हाय."

आता काय करायचं, सांगा! ती ओळ मी काढलीय हे सांगितलं तर फैसला फिरणार, माझी फाइल पुन्हा उघडणार, तो दातवाला पुन्हा हॉलमध्ये येऊन हसणार, बाबा किनवटहून निघणार! विचार केला, केला… आणि आज सकाळी पोळ्या झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि पंकजभाऊजींची ओळ होती तिथे परत घातली. निदान माझा नवरा खोटं बोलतो असं तरी आता कोणाला म्हणता येणार नाही.