मंगळवारच्या पुढला वार

सुग्रीव : माय, औंदा तू घरीच ऱ्हा. मेंढरं घेऊन आमी दोघं जातो नाक्यापल्याड, इंग्रजी मुलखात.

कडूबाई : कावून? तुझा बाप गेल्यापून मोगलाईचा नाका दर साली म्याच वलांडला की. शिपायांशी तुझी बायको भांडणार हाय का?

सुग्रीव : वाटंत काई इसरलीस तर? भामा म्हणती, तुला आजकाल साधे शब्द बी आठवंनात.

कडूबाई : म्हणत असंल. मी बी मनात तेच म्हणते. परवा काठी बाभळीखाली इसरले. डोकं रिकामं व्हायला लागलं, असं वाटलं की रडू येतं बाबा. पर मेंढरामागं न्हाई गेले तर दिवसभर करू काय? भिताडाशी बोलू?

भामा : वाईट मानू नका, आत्याबाई. ऐकलं ते ह्यांच्या कानावर घातलं.

सुग्रीव : काय ऐकलंस, ते तर सांग.

भामा : बाजार कवा म्हणून इचारलं, तर म्हणल्या, मंगळवारच्या पुढला वार. म्हणलं, बुधवार का? तर निस्ती मान हलवली. दर बारीला असंच. गंगेला बी थोरली नदी म्हणत्यात. नावच सुचत न्हाई बगा.

सुग्रीव : हात्तिच्या.

भामा : हसताव काय?

सुग्रीव : माझ्या आज्ज्याचं नाव ठाव हाय का तुला?

भामा : म्या बगितलं बी न्हाई त्यांना. कोण सांगणार?

सुग्रीव : बुधाजी. आन थोरला चुलता गंगाराम.

भामा : अगं बाई. आत्याबाईंचा सासरा आन थोरला दीर.

कडूबाई : लगीन झाल्यापून ती नावं तोंडात घेतली न्हाईत. तू मातर दिवसभर घेत फिरतीस. मी आपली कानावर पदर वढते.

भामा : मंग मला सांगायचं न्हाई का?

कडूबाई : कसं सांगू पोरी? सांगायला नाव घ्यावं लागतं की.

सुग्रीव : आन काठीचं म्हणशील, तर मी तान्हा असताना तू मलाच बाभळीखाली इसरून मेंढरं घेऊन घरी आलतीस. आज्जी सांगायची. तवा कुणी म्हणलं का, म्हातारी झाली म्हणून?

कडूबाई : न्हाई. सासूनं पाठीत धपाटा घातला, बाकीची पोट धरून हसली. खरंच की रं. इसरत तर मी तवाबी होते. तवा मला येंधळी म्हणायचे, आता म्हातारी म्हणत्यात. आन मी येडी, चूक झाली की वयाच्या माथी मारत बसले.

सुग्रीव : माझंच चुकलं, माय. तुझे पांढरे केस बगितले आन खरं मानलं.

कडूबाई : मंग आता ऐका. म्होरं मी चालणार. नाक्यावर मीच बोलणार. काठी इसरली तर भामा मागं जाऊन आणील.

भामा : आणते की, आत्याबाई.

सुग्रीव : निघायचं कवा मग?

कडूबाई : भामा, तू सांग.

भामा : मंगळवारच्या पुढल्या वारी. थोरल्या नदीच्या काठाकाठानं.