बजेटात न बसलेली चटणी

आमच्या घरी किराण्याचं बजेट कोण ठरवतं म्हणून काय विचारतीस? ऐक. सांगलीत बिऱ्हाड थाटलं आणि पहिल्याच महिन्यात आमचे हे बजेट करायला बसले. तेल, डाळ, साखर, सगळं जमलं. मी म्हटलं, "वर्षाची चटणी करायची हाय. मिरच्या, खोबरं, लसूण धरा."

"महिन्याच्या बजेटात वर्षाची चटणी? न्हाई बसत. पाकिटातलं तिखट आण."

मी गुमान पाकीट आणलं.

रविवारी ह्यांचे आटपाडीचे दोस्त जेवायला आले. मटणाचा रस्सा ह्यांनीच केला, चटणीच्या जागी पाकिटातलं तिखट घालून. मी नुसत्या भाकरी थापल्या. पहिला भुरका मारून एकानं हळूच विचारलं, "वहिनी, घरात कोण आजारी हाय व्हय?"

"न्हाई भावजी, बजेट पाळतोय आमी."

सगळे लय हसले. ह्यांनी ताटातनं मान वर केली न्हाई.

दुसऱ्या दिवशी दारात स्कूटर थांबली. पायाशी मिरच्यांचं पोतं आणि हे शिंकून शिंकून लाल! मी विचारलं, "आवं, बजेटात कसं बसवलं?"

शिंकत शिंकतच म्हणाले, "आधी चटणी. उरंल त्यात बजेट!"