डिरेक्टरीतली विनी

अहो, पण आधी विचारायचं की नाही माणसानं? तीन वर्षं शेजारच्या खुर्चीत बसतो युजीन, नुसती मान वळवायची... पण आमचा सुधाकर! बोळिंजला राहतो, ओळखीच्या दूधवाल्यालाही नाव विचारून मगच दार उघडतो. तुम्हाला सांगतो, नव्व्याण्णव साल, माणिकपूरचं आमचं कॉम्प्युटर सेंटर, मेनफ्रेम एकच, अवाढव्य, पण चारशे जणांना प्रत्येकाला वाटतं की आपलं स्वतंत्र मशीन आहे. कुणाला किती जागा, कुणाचा पासवर्ड काय, हे सगळं एका फाइलीत. तिला म्हणतात डिरेक्टरी. आणि ती सांभाळायला कोण? सुधाकर!

साहेबांनी सांगितलं, दोन हजार साल उजाडायच्या आत सोडून गेलेल्यांची नावं काढून टाका. हा बसला यादी घेऊन, तर सापडली एक विनी. सदानकदा लॉगिन, जेवायला उठत नाही, रजा घेत नाही, पासवर्ड कधी चुकत नाही... आता सांगा, अशी बाई सरळ असेल? मग ही विनी कोण?

नोकरांच्या नोंदी ठेवणाऱ्या पर्सोनेल खात्याच्या क्लेमेंटीनबाईंनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाल्या, या नावाचं आमच्याकडे कोणी नाही, तुम्हाला कुठे भेटली? मग ही विनी कोण? तेवढ्यात याला दिसलं, युजीन रोज सकाळी त्या विनीला काहीतरी टाइप करून पाठवतो. झालं! युजीननंच खोटा माणूस घुसवलाय, कंपनीची माहिती बाहेर जातेय... साहेबांना लेखी कळवलं, युजीनचं नाव घालून, आणि मंगळवारी अकराला विनीला बाहेर काढून तिची नोंदच पुसली.

सव्वाअकराला कंपनीच्या पाचही शाखांची छपाई ठप्प. विनी माणूस नव्हतीच हो! सगळ्यांचे कागद रांगेत लावून छापायला पाठवणारं, मेनफ्रेमच्या आतलं, आपोआप चालणारं मशीन ते, युजीननं बसवलेलं; रोज सकाळी तो त्यालाच सूचना द्यायचा.

साहेबांनी ते पत्र युजीनसमोर ठेवलं. त्यानं वाचलं, घडी घातली, जपून ठेवलेल्या टेपवरून जुनी डिरेक्टरी परत चढवली. दुपारी कागद निघाले. मग हळूच म्हणाला, "हे चालू केलं त्या दिवशी मला मुलगी झाली. म्हणून विनी. विचारायचं होतंस, सुधाकर."

सुधाकर खुर्चीतून उठला. माफी मागितली, युजीननं हात धरला, सगळं झालं... पण साहेबांनी नियमच काढला. आता डिरेक्टरीत एक अक्षर बदलायचं तरी युजीनची सही लागते. घेतो बापडा, समोर उभा राहून घेतो. आणि मग, तुम्हाला सांगतो, खिडकीशी जातो, कागद उजेडात धरतो आणि सही युजीनचीच आहे ना, ते बघतो. करणार काय!