शुक्रवारचा नट

सून : …तुमच्या टेबलावरचा पंखा काढला, जादा फोन काढला, ऑफिसातला फ्रिज विकला, तेव्हा तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मग ह्या एका खर्चाचं नाव काढलं की खोकला का येतो तुम्हाला, बाबा?

सासरे : धुळीने येतो. पुठ्ठ्याचे खोके करतो आपण, अत्तर नाही.

सून : मिस्त्रीकाकांची फी. दर शनिवारी.

सासरे : मशीन बिघडल्यावर मिस्त्री नको तर काय डॉक्टर बोलावू?

सून : पण ते दर शुक्रवारीच कसं बिघडतं?

सासरे : जुनं झालंय. त्याची काही वेळ ठरली असेल.

सून : ठरलीय ना. दुपारी एक ते दोन. सगळे जेवायला जातात आणि इथे तुम्ही एकटे असता.

सासरे : राखण करतो मी.

सून : आणि तुमच्या खणात हा पाना. तुमच्याच रुमालात गुंडाळलेला. रुमाल बघा, ग्रीसने काळा झालाय.

सासरे : माझ्या खणात हात घातलास?

सून : फालतू खर्च कुठून होतो ते शोधत होते. सापडलं.

सासरे : हळू बोल, तो येईल इतक्यात. अगं, शाळेपासूनचा दोस्त आहे माझा. गॅरेज विकल्यापासून नुसता घरात बसून होता. तसेच पैसे दिले तर तोंडावर फेकेल. इथे येतो, पट्ट्याचा नट आवळतो, ताठ मानेने पैसे घेऊन जातो. कोणाचं काय बिघडलं?

सून : मशीनचं! फीचं एक वेळ सोडा. शुक्रवारी दुपारपासून चौघंजण हातावर हात धरून बसतात. चपलांच्या दुकानाचे खोके उशिरा गेले, तर त्यांनी पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली. अशा आणखी दोन गेल्या की चौघांतल्या एकाला मला घरी पाठवावं लागेल. त्यालाही शाळेपासूनचा कोणी दोस्त असेलच की.

सासरे : फार टोचून बोलतेस तू.

सून : मी आज काकांना सांगणार आहे, पुढच्या आठवड्यापासून येऊ नका.

सासरे : नको गं. त्यापेक्षा माझा पगार बंद कर.

सून : तो गेल्या महिन्यातच बंद केलाय. तुमच्या लक्षात आलं नाही.

मिस्त्री : येऊ का आत? काय म्हणतोय आमचा पेशंट?

सासरे : ये, ये! काल परत गचकलं बघ. अगदी अचानक. मी… मी चहा सांगून येतो.

(सासरे दारातून वळून सुनेला मानेनेच ‘नको, नको’ म्हणतात आणि जातात.)

सून : काका, जरा अवघड बोलायचंय.

मिस्त्री : नटाबद्दल ना?

सून : म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?

मिस्त्री : पोरी, चाळीस वर्षं पाना धरलाय ह्या हातात. आपोआप सैल झालेला नट कुठला आणि कोणी केलेला कुठला, एवढं कळणार नाही? त्यात हा गडी चुकीच्या नंबरचा पाना लावतो. सगळ्या कडा खाल्ल्यात. तीनदा नट बदललाय मी, माझ्या खिशातून.

सून : मग बोलला का नाहीत?

मिस्त्री : काय बोलू? गॅरेज गेलं तशी हत्यारांची पिशवी खुंटीला लागली. शनिवारी ती खांद्याला अडकवून बाहेर पडतो ना, तेव्हा बरं वाटतं मला. लाजही वाटते. पण बरं जास्त वाटतं.

सून : अहो, पण काम बंद पडतं. ऑर्डरी जातायत.

मिस्त्री : ऑर्डरी जातायत? हे नाही बोलला तो मला, लबाड कुठला. थांब जरा. हा जो पट्ट्याचा नट आहे ना, त्यावर झाकण बसवतो, त्याला सात जन्मांत उघडणार नाही असं. आणि इथे पुढे, बरोबर त्याच्या हाताला येईल असा, ह्या पत्र्याला एक नट लावतो. तो सैल केला की पत्रा नुसता खडखडेल. मशीन बोंबलेल, पण चालत राहील.

सून : बाबांना संशय आला तर?

मिस्त्री : त्याला? जन्मभर मशीनजवळ बसला, पण मोठा आवाज आला की बिघडलं, यापलीकडे त्याला काही कळलेलं नाही.

सून : ठीक आहे. पण दुखणं खोटं, तर फी निम्मी.

मिस्त्री : कबूल. कारखाना टिकतो बघ तुझ्या हातात.

सासरे : आला, आला चहा. काय रे, काय निघालं?

मिस्त्री : जुनाट दुखणं आहे. मुळापासून जायचं नाही. दर शनिवारी येऊन बघावं लागेल.

सासरे : ऐकलंस, सूनबाई? मी सांगत नव्हतो?

सून : ऐकलं. येत जा काका. फक्त उशीर करू नका. दहा वाजले की बाबा खिडकीतून हलत नाहीत.

सासरे : हवा खायला उभा असतो मी.