चाळीस तेलकट डोकी आन एक कंगवा

...आन वर मलाच म्हनतेत, "मास्तर, तुमची तयारी कमी पडली!" तयारी? तुमाला सांगतो, आठ दिवस मी झोपेतबी कंगवा घासायलो होतो! शेवटी बायकोनं तो लपवून ठिवला. प्रयोग तरी केवढा? प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासायचा, कागदाच्या चिटोऱ्यांजवळ न्यायचा, चिटोऱ्या टुनकन उडी मारून चिकटतेत. स्थिर विद्युत! आठवीचा धडा. आदल्या दिशी जमलं होतं हो! देवाशपथ, पस्तीस चिटोऱ्या उचलल्या होत्या!

पन लफडं काय, की ह्या कंगव्यावर माझी नोकरी टांगलेली. चौसाळ्याजवळची आमची शाळा, सहा वर्सं झाली, मी आपला 'तात्पुरता'. तपासणीचे साहेब बीडवरून येनार, माझा तास बघनार, शेरेबुकात 'शिक्षक पात्र' एवढे दोन शब्द लिवनार, की झालो कायम! आमचे आप्पा रोज सकाळी अंगणातून हाळी देतेत, "संगमेश, झालास का रं कायम?" सगळी गल्ली ऐकती. पाळण्यातलं पोरगं शाळंत आलं, आन बाप तात्पुरताच!

आता आमचे हेडमास्तर धोंडप्पा सर. मानूस देव, पन हौस लई! आदल्या दिशी प्रयोग झाल्यावर, शाळा सुटताना फर्मान काढलं, "उद्या साहेब येनारेत. एकाचंबी डोकं भुरकं दिसलं न्हाई पायजे! तेल लावून, चापूनचोपून भांग पाडून या. आन सटवा, वर्गात सडा मार, धूळ उडाली तर याद राख!" आमचा शिपाई सटवा, त्यानं मान हलवली. मी मागं उभा. मीबी मान हलवली! अक्कल कुटं गेलती माझी, कुनाला म्हाईत...

साहेब आले. टेरिकॉटची सफारी, हातात वही. मी ऐटीत म्हनलं, "वनमाला, पुढं ये." वर्गातली हुशार पोरगी. तिच्या केसांवर कंगवा घासला, तर असा निथळत निघाला की त्यावर भजी तळावीत! चिटोऱ्यांजवळ नेला. ढिम्म! एक चिकटली, पन ती तेलानं... झटकली तरी पडंना! दुसरं डोकं, तेल. तिसरं, तेल. चाळीस डोकी, चाळीसबी चकाचक! खाली सड्यानं जमीन ओलीचिंब. तेलकट केस न् दमट हवा असली की हा प्रयोग फसतो, हे मीच पोरांना शिकिवलेलं! सवताच्या डोक्यावर घासावं, तर आईनं शुभ काम म्हनून सकाळीच वाटीभर तेल जिरवलेलं. शेवटी आशेनं साहेबांच्या डोक्याकडं बघितलं... तिथं सारवलेलं खळं!

"सर," साहेब म्हनले, "हा विज्ञानाचा तास आहे, की केस विंचरायचा?"

"साहेब, काल जमलं होतं हो!"

वनमालाला माझी दया आली. तिनं हळूच फुंकर मारली. चिटोऱ्या उडाल्या, थेट साहेबांच्या चष्म्यावर! हसू नका... माझ्या डोळ्यात पानी आलतं, खोटं कशाला बोलू?

मग च्यापान्याला ऑफिसात. तिथं सडा न्हाई, सगळं कोरडं ठणठणीत. साहेबांसाठी बीडवरून नवी प्लास्टिकची खुर्ची आनलेली, हल्ली नव्यानंच निघाल्यात तसली. साहेब घाईत, सफारी घासत उठले, शेरेबुक काढायला लोखंडी कपाटाच्या मुठीला हात लावला, आन... चट्!

"अयाईगं!" साहेब बोटं झाडत तीन पावलं मागं!

मी नाचलोच! "साहेब, हीच! हीच ती स्थिर विद्युत! सफारी घासली ना खुर्चीवर! जमलं, साहेब, जमलं!" मला वाटलं, महादेव पावला! साहेब खाली बसले आन भराभरा लिवत ऱ्हायले, पानभर. दोन शब्दांना पानभर कशाला, हे मला तवाच कळायला पायजे होतं.

शेरा ऐका. "शाळेतील वीजजोडणी धोकादायक. कपाटात विद्युतप्रवाह उतरतो. विज्ञान शिक्षकास याची कल्पना असून, अधिकाऱ्यास धक्का बसल्यावर त्यांनी आनंद व्यक्त केला. जोडणी निर्दोष असल्याचा दाखला येईपर्यंत त्यांना कायम करू नये."

अहो, कशाची जोडणी? आमच्या शाळंला वीजच न्हाई! खांब वढ्यापल्याड!

गेलो विजेच्या कचेरीत. म्हनलं, "आमच्याकडं वीज न्हाई, एवढा दाखला द्या."

क्लार्क वर न बघता म्हनला, "देतो की. मीटर नंबर सांगा."

"मीटरच न्हाई!"

"मग दाखला कशावर देऊ? आधी वीज घ्या, मीटर बसवा, मग या."

काय करता? मुकाट वीज मागायचा अर्ज भरला. नाव, गाव, हुद्दा, सही. क्लार्कनं बोट ठिवून हुद्दा वाचला, आन अर्ज माझ्याकडं परत सरकवला.

"मास्तर," म्हनला, "ह्याच्यावर कायम मानसाची सही लागती."